फळा पुसू का?

सातारा जिल्ह्याच्या पश्चिम भागातील एका वाडीवरच्या जिल्हा परिषद शाळेत शिकवणाऱ्या एका शिक्षिकेचे हे पत्र आहे. त्या लिहितात: ‘माझे सर्व शिक्षण मराठी माध्यमातून झाले. बारा वर्षे मी चौथीपर्यंतचे वर्ग सांभाळले. या जूनपासून पाचवी ते सातवीचे इंग्रजी माझ्याकडे आले आहे. तयारी म्हणून मी वर्गात वापरायच्या २०० वाक्यांचे एक पुस्तक, वाक्प्रचारांचे एक जाडजूड पुस्तक आणि बारा काळांचा तक्ता आणला आणि मे महिन्याच्या सुट्टीत जमेल तेवढे पाठ केले. वर्गात उभी राहिले की मात्र ऐन वेळी एकही वाक्य तोंडावर येत नाही. भविष्यकाळाचा तर पार गोंधळ उडतो. ‘आय विल गोइंग टू टीच’ असे माझ्या तोंडून गेले आणि पुण्याहून आलेला, इंग्रजी माध्यमात शिकणारा भाचा खो खो हसला. शॅल कुठे, विल कुठे आणि गोइंग टू कुठे वापरायचे? वाक्प्रचार किती पाठ करावेत? तास संपूर्ण इंग्रजीतूनच घेतला पाहिजे का?’

सप्रेम नमस्कार.

ताई, तुमच्या पत्रातील एक गोष्ट मला प्रथमच सांगावीशी वाटते. तुम्ही वर्गातली वाक्ये, वाक्प्रचार आणि भविष्यकाळ असे तीन वेगवेगळे विषय मानून तीन वेगवेगळ्या पुस्तकांतून त्यांची तयारी केलीत, आणि तिन्हींचे ओझे एकदम अंगावर आले. प्रत्यक्षात वर्गात शिक्षक जे बोलतात, त्यातला फार मोठा भाग भविष्यकाळच असतो. ‘आता आपण कविता वाचणार आहोत’, ‘पाच मिनिटे देते’, ‘लिहून झालं की हात वर करा’, ‘शुक्रवारी चाचणी आहे’ ही वाक्ये तुम्ही गेली बारा वर्षे रोज बोलत आला आहात. याच वाक्यांचे इंग्रजी नीट बसवले, तर भविष्यकाळासाठी वेगळा तक्ता घोकण्याची गरज उरणार नाही. म्हणून माझा सल्ला असा की, पुस्तकातील २०० वाक्ये काही काळ बाजूला ठेवून तुम्ही स्वतः मराठीतून घेतलेल्या एका तासाचे बोलणे मोबाइलवर ध्वनिमुद्रित करावे आणि घरी शांतपणे ऐकावे. पस्तीस मिनिटांच्या तासात आपण तीच पंचवीस-तीस वाक्ये फिरवून फिरवून बोलतो, हे ऐकून तुम्हाला आश्चर्य वाटेल. तुमच्या कामाची यादी तीच आहे.

आता भविष्यकाळाकडे वळतो, कारण खरी अडचण तिथेच आहे.

मराठीत ‘देते’, ‘देणार आहे’ आणि ‘देईन’ अशी तीन रूपे आपण न चुकता वापरतो आणि त्यांतला फरक आपल्याला कोणी शिकवलेला नसतो. एखादा मुलगा म्हणतो, ‘बाई, माझ्याकडे पेन्सिल नाही’, आणि तुम्ही लगेच म्हणता, ‘थांब, मी देते.’ हा निर्णय त्या क्षणी झाला. मराठीत येथे वर्तमानकाळ चालतो. इंग्रजीत मात्र ‘आय गिव्ह यू’ चालत नाही, ‘आय विल गिव्ह यू वन’ असेच म्हणावे लागते. आपल्याकडच्या शिक्षकांची ही सर्वांत जास्त वेळा होणारी आणि सर्वांत कमी वेळा लक्षात येणारी चूक आहे. ‘फळ्यावर लिहून दाखवते’, ‘पुन्हा सांगते’, ‘उद्या तपासते’ या प्रत्येक ‘ते’च्या जागी इंग्रजीत ‘विल’ येतो. याउलट जे आधीच ठरलेले आहे, ज्याची तयारी तुमच्या मनात झालेली आहे, त्यासाठी मराठीत ‘णार आहे’ येते आणि इंग्रजीत ‘गोइंग टू’ येते: ‘वुई आर गोइंग टू रीड अ पोएम टुडे.’ तुमच्या भाच्याला हसू आले ते यामुळे की, तुम्ही एकाच वाक्यात दोन्ही वाहने जुंपलीत. ‘गोइंग टू’च्या आधी ‘अ‍ॅम’, ‘इज’ किंवा ‘आर’ हवे. म्हणजे ‘णार’ला जसा ‘आहे’ लागतो, तसाच. ‘मी शिकवणार’ एवढ्यावर मराठी भागते, इंग्रजी भागत नाही, एवढाच काय तो फरक.

राहिले ‘देईन’. हे रूप मराठीत थोडे सैल आहे. ‘येईन मी’ असे म्हणणारा माणूस येईलच याची खात्री आपण धरत नाही. ‘येणार आहे’ म्हणणाऱ्यासाठी मात्र चहाचे आधण चढवतो. इंग्रजीतील ‘आय विल कम’ हे त्या मानाने बरेच पक्के वचन आहे. म्हणून तुमच्या मनातले ‘बघेन, जमलं तर करेन’ इंग्रजीत आणताना ‘प्रॉबेब्ली’ किंवा ‘आय विल ट्राय’ यांची सोबत घ्यावी. नाहीतर मुले दुसऱ्या दिवशी वचनाची आठवण करून देतात, आणि मुलांची स्मरणशक्ती अशा बाबतीत फार तीक्ष्ण असते.

वेळापत्रकाची वाक्ये सोपी आहेत. ‘बस सव्वापाचला सुटते’ हे ‘द बस लीव्ह्ज अ‍ॅट क्वार्टर पास्ट फाइव्ह’ असे जसेच्या तसे जाते. दोन्ही भाषांत वर्तमानकाळ. ‘शुक्रवारी आपली चाचणी आहे’ यासाठी ‘वुई आर हॅविंग अ टेस्ट ऑन फ्रायडे’ म्हणावे. यावर अधिक वेळ घालवू नये.

अधिक वेळ घालवावा तो ‘जेव्हा’वर. ‘जेव्हा घंटा वाजेल, तेव्हा आपण बाहेर जाऊ’ हे वाक्य समोर ठेवून आपण इंग्रजी करतो, आणि साहजिकच ‘व्हेन द बेल विल रिंग’ असे लिहून बसतो. इंग्रजीत अशा ‘व्हेन’नंतर ‘विल’ येत नाही. ‘व्हेन द बेल रिंग्ज, वुई विल गो आउट’ असेच म्हणतात. हा नियम आपल्याला विचित्र वाटतो, पण मला विचाराल तर दोष इंग्रजीचा नाही, आपण भाषांतरासाठी पुढे ठेवलेल्या त्या कृत्रिम मराठी वाक्याचा आहे. वर्गात तुम्ही ‘जेव्हा वाजेल तेव्हा’ असे कधी म्हणता का? तुम्ही म्हणता, ‘घंटा वाजली की बाहेर जाऊ’, ‘लिहून झालं की हात वर करा’, ‘पाऊस आला तर आत बसू’. या वाक्यांच्या पहिल्या भागात मराठीसुद्धा भविष्यकाळ येऊ देत नाही. ‘पाऊस येईल तर आत बसू’ असे आपल्या वाडीवरची एकही आजी म्हणणार नाही. म्हणजे दोन्ही भाषांचा स्वभाव येथे जुळतो. मधे जे पुस्तकी मराठी येते, ते चूक घडवते. तुम्ही ‘वाजली की’ मनात आणून बोला, ‘विल’ आपोआप गळून पडेल: ‘व्हेन यू फिनिश, पुट अप युअर हँड’, ‘इफ इट रेन्स, वुई विल सिट इनसाइड’.

एक अपवाद मात्र ध्यानात असू द्या, नाहीतर नियम कळल्यावर माणूस तो सगळीकडे लावतो. ‘साहेब कधी येतील ते मला माहीत नाही’ या वाक्यात ‘व्हेन’नंतर ‘विल’ हवाच: ‘आय डोन्ट नो व्हेन ही विल कम.’ ओळखायची खूण मराठीतच आहे. मनातल्या वाक्यात ‘कधी’ असेल, तर ‘विल’ ठेवा. ‘की’, ‘तर’ किंवा ‘ल्यावर’ असेल, तर काढा. ‘साहेब कधी येतील’ आणि ‘साहेब आले की’ ही जोडी फळ्यावर शेजारी शेजारी लिहून ठेवली, तर सातवीच्या मुलांनासुद्धा हा फरक एका तासात कळतो.

‘शॅल’बद्दल तुम्ही विचारले आहे. ‘आय’ आणि ‘वुई’ला ‘शॅल’, बाकी सगळ्यांना ‘विल’, आणि धमकी किंवा निर्धार असेल तर उलट, हा नियम आपल्या पिढ्यांनी घोकला. तो जॉन वॉलिस या इंग्लिश गणितज्ञाने १६५३ मध्ये लॅटिन भाषेत लिहिलेल्या इंग्रजीच्या व्याकरणात मांडलेला आहे; अनंताचे आडव्या आठासारखे चिन्ह रूढ करणारा तोच हा वॉलिस. आज बोलण्यात हा नियम जवळजवळ कोणी पाळत नाही आणि ‘आय विल’ सर्वत्र शुद्ध मानले जाते. मुळात हे दोन्ही शब्द काळ दाखवण्यासाठी जन्माला आलेलेच नाहीत. ‘विल’चा मूळ अर्थ इच्छा असणे, मृत्युपत्राला इंग्रजीत ‘विल’ आणि मराठीत इच्छापत्र म्हणतात, ते याच नात्याने. ‘शॅल’च्या मुळाशी देणे लागणे, कर्तव्य असणे हा अर्थ आहे.

तरीही ‘शॅल’ वर्गातून हद्दपार करू नका, कारण एका जागी तो अजून ठणठणीत आहे, आणि ती जागा तुमच्या वर्गात रोज येते. तास सुरू होतो, पुढच्या बाकावरची एखादी मुलगी उभी राहते, तिच्या हातात डस्टर आधीच असते आणि ती विचारते, ‘बाई, फळा पुसू का?’ याचे इंग्रजी ‘शॅल आय वाइप द बोर्ड?’ असे आहे. ‘खडू आणू का?’, ‘वह्या वाटू का?’, ‘खिडकी लावू का?’ या सर्वांना ‘शॅल आय’ लागतो आणि ‘सुरू करूया का?’ याला ‘शॅल वुई बिगिन?’. आता दुसरा मुलगा उठतो आणि विचारतो, ‘बाई, पाणी पिऊन येऊ का?’ मराठीत रूप तेच, ‘ऊ का’. पण इंग्रजीत येथे ‘शॅल आय’ चालणार नाही, ‘मे आय’ किंवा ‘कॅन आय’ हवे. पहिली मुलगी काम करायला तयार आहे, दुसरा मुलगा परवानगी मागतो आहे. मराठी हा भेद सुरावर आणि प्रसंगावर सोडते, इंग्रजी त्यासाठी वेगळा शब्द मागते. मुलांना हे समजावून सांगताना व्याकरणाची एकही संज्ञा लागत नाही; ‘बाईंचं काम असेल तर शॅल आय, आपलं काम असेल तर मे आय’ एवढे वाक्य पुरते. माझ्या अनुभवात मुले ते दोन दिवसांत आत्मसात करतात आणि नंतर एकमेकांच्या चुका काढण्यात रमतात.

आपल्या राज्यात २००० सालापासून पहिलीपासूनच इंग्रजी शिकवले जाते, त्यामुळे तुमच्या पाचवीच्या मुलांनी ‘मेआयकमइन’ हे कित्येकदा म्हटलेले असते आणि ते एकच शब्द असल्यासारखे म्हटलेले असते. त्याला नाके मुरडू नयेत. वर्गातली वाक्ये अशीच, अख्खी, सुटे भाग न करता तोंडात बसायला हवीत. फक्त त्या अखंड ठोकळ्याचा शेवटचा तुकडा बदलायला शिकवा: ‘मे आय ड्रिंक सम वॉटर’, ‘मे आय आस्क अ क्वेश्चन’, ‘मे आय शेअर हर बुक’. याच पद्धतीने ‘व्हॉट डज धिस वर्ड मीन?’, ‘हाउ डू यू स्पेल इट?’ आणि ‘कुड यू से दॅट अगेन, प्लीज?’ ही तीन वाक्ये मुलांना द्या. ज्या मुलाला ही तीन वाक्ये येतात, तो अडला तरी इंग्रजीत राहूनच वाट काढू शकतो.

तुमच्या स्वतःच्या वाक्यांत एका शब्दापासून सावध राहावे, तो म्हणजे ‘बंद’. आपण दार बंद करतो, पंखा बंद करतो आणि गोंगाटही बंद करतो. इंग्रजीत दार ‘क्लोज’ किंवा ‘शट’, पंखा ‘स्विच ऑफ’ किंवा ‘टर्न ऑफ’ आणि गोंगाट ‘स्टॉप’. नोकरीच्या पहिल्या वर्षी एका प्रशिक्षणात मी मोठ्या आत्मविश्वासाने ‘क्लोज द फॅन’ म्हणालो, तेव्हा प्रशिक्षकांनी वर पाहिले आणि पंख्याला दार कुठे आहे, असे अगदी गंभीर चेहऱ्याने विचारले. चाळीस माणसे हसली. ती चूक माझ्या हातून पुन्हा झाली नाही, पण तशी शिकवण मी कोणालाही सुचवणार नाही.

वाक्प्रचारांचे ते जाडजूड पुस्तक कपाटात ठेवावे. त्यात ‘रेनिंग कॅट्स अँड डॉग्ज’ पहिल्या दहांत असेल आणि तुमच्या भागातला जुलै पाहता तो वापरण्याचा मोहही होईल. परंतु इंग्रजी बोलणारी माणसे मुसळधार पावसाला बहुधा ‘इट्स पोअरिंग’ एवढेच म्हणतात आणि ती मांजरे-कुत्री मुख्यतः शालेय पुस्तकांतून पडत राहतात. सुरुवात अशा वाक्प्रचारांनी करावी ज्यांचे चित्र दोन्ही भाषांत एकच आहे. गणिताचा अवघड भाग ‘डोक्यावरून गेला’ असे मुले म्हणतात. इंग्रजीतही ‘इट वेन्ट ओव्हर माय हेड’ असेच म्हणतात. एका कानाने ऐकून दुसऱ्याने सोडणाऱ्या मुलासाठी ‘इन वन इअर अँड आउट द अदर’ आहे. उत्तर ओठांवर येऊन अडले, तर ‘इट्स ऑन द टिप ऑफ माय टंग’. ओठांऐवजी जिभेचे टोक, एवढाच बदल. असे पाच-सहा झाले की चित्र वेगळे असलेले घ्यावेत. आपण कविता तोंडपाठ करतो, इंग्रज ती ‘बाय हार्ट’ शिकतो. आपल्याला जे डाव्या हातचा मळ, ते त्याला ‘अ पीस ऑफ केक’. मुलांना हा फरक भारी आवडतो आणि पाठांतर तोंडात असते की हृदयात, यावर सातवीचा वर्ग तुमची दहा मिनिटे सहज खाऊन टाकील. ती खाऊ द्यावीत.

वाक्प्रचार वापरताना दोन पथ्ये पाळावीत. एक, त्यातले शब्द बदलता येत नाहीत; दोन गणिते सोपी होती म्हणून ‘टू पीसेस ऑफ केक’ होत नाही. दुसरे, बहुतेक वाक्प्रचार गप्पांतले असतात. केंद्रप्रमुखांना पाठवायच्या अर्जात ‘लेट अस कॉल इट अ डे’ शोभणार नाही, तास संपताना वर्गात मात्र छान शोभते. आणि ‘डज इट रिंग अ बेल?’, म्हणजे काही आठवते का, हे विचारताना मधल्या सुट्टीची वेळ जवळ आलेली नाही ना, हे पाहून घ्यावे. मुले दप्तर उचलून चालू लागतील.

तास संपूर्ण इंग्रजीतून घ्यावा का, या प्रश्नावर माझे मत स्पष्ट आहे. सूचना इंग्रजीत द्याव्यात आणि समजावणे, विशेषतः वर सांगितलेला ‘कधी’ आणि ‘की’ यांच्यातला भेद, खुशाल मराठीत सांगावा. मुलांची मराठी हे तुमचे सर्वांत चांगले शैक्षणिक साहित्य आहे, ते दाराबाहेर ठेवून येण्यात शहाणपणा नाही. फक्त एक सवय टाळावी: ‘ओपन युअर बुक्स, पुस्तकं उघडा’ असे एका श्वासात दोन्ही भाषांत म्हणणे. मुले हुशार असतात, ती इंग्रजी अर्धे ऐकतच नाहीत, मराठीची वाट पाहतात. त्याऐवजी पुस्तक हातात धरून उघडून दाखवावे आणि थांबावे. दोन-तीन सेकंदांची ती शांतता आपल्याला फार लांब वाटते, पण तेवढ्यात कोणीतरी उघडते आणि बाकीचे त्याचे पाहून उघडतात. पहिल्या आठवड्यात केवळ आठ वाक्ये ठरवून ती हजेरीपटाच्या आतल्या बाजूला पेन्सिलीने लिहून ठेवावीत आणि रोज त्याच शब्दांत म्हणावीत. तुम्हाला कंटाळा येईल. मुलांना येत नाही.

बारा काळांच्या तक्त्यातील शेवटचे दोन-तीन रकाने तुम्हाला वर्षातून मोजक्या वेळा लागतील आणि तेव्हाही मराठी मदतीला येईल. ‘दिवाळीपर्यंत आपले सहा धडे झालेले असतील’ म्हणजे ‘बाय दिवाळी वुई विल हॅव फिनिश्ड सिक्स लेसन्स’. ‘झालेले असतील’ आणि ‘विल हॅव फिनिश्ड’ यांची घडण सारखीच आहे. सहलीच्या आदल्या दिवशी ‘उद्या या वेळी आपण प्रतापगड चढत असू’ हे ‘धिस टाइम टुमॉरो वुई विल बी क्लाइंबिंग प्रतापगड’ असे सांगा, आणि सहल होऊन जाऊ द्या. शेवटचा रकाना, ‘विल हॅव बीन’चा, माझ्या तीस वर्षांच्या नोकरीत मी परीक्षेच्या प्रश्नपत्रिकेबाहेर फारसा वापरल्याचे आठवत नाही.

आता एक उच्चाराची गोष्ट, जी तक्त्यात सापडत नाही. बोलताना ‘आय विल’चे ‘आय्ल’ होते आणि ‘विल नॉट’चे ‘वोन्ट’ होते. आपल्या मुलांच्या तोंडी हा ‘वोन्ट’ आणि हवे या अर्थाचा ‘वॉन्ट’ एकच होऊन बसतो. पहिल्यात ‘ओ’ लांब आणि ओठ गोल, दुसऱ्यात तोंड उघडे; हे आरशात पाहून स्वतः दहा वेळा म्हणून पाहावे आणि मगच वर्गात न्यावे. नाहीतर भर उन्हात खेळून आलेला एखादा मुलगा तुमच्यासमोर उभा राहून ‘आय वोन्ट वॉटर’ म्हणेल, आणि तुम्ही त्याला पाणी द्यावे की त्याच्या नकाराचा मान राखावा, हा प्रश्न पडेल. पाणी आधी द्यावे, उच्चार मग.